सवयींचा रकाना

आत्याचं तोंड उघडेनासं झालं, तेव्हा मी तिला दातांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. आम्हाला वाटलं होतं, अक्कलदाढ असेल. डॉक्टरांनी आ करायला सांगितलं, तर जेमतेम दोन बोटं आत जातील एवढंच तोंड उघडलं. गालाची आतली बाजू पांढुरकी पडलेली, आणि बोटाने चाचपलं की दोरी ताणावी तशी ताठ लागायची. केसपेपरवर ‘सवयी’ असा एक रकाना होता. त्यात छापील चौकोन: तंबाखू, मिश्री, गुटखा, दारू. डॉक्टरांनी एकेक विचारलं आणि आत्याने प्रत्येक वेळी मान हलवली, शेवटी शेवटी जरा रागानेच. “तंबाखूला मी उभ्या जन्मात हात लावला नाही,” ती म्हणाली. डॉक्टरांनी तिच्या मांडीवरच्या चंचीकडे पाहिलं. “यात काय आहे मग?”

“सुपारी आहे. नुसती.”

डॉक्टरांनी रकान्यात पेनाने ‘सुपारी’ असं लिहिलं. छापील चौकोनांत ती नव्हतीच.

या आजाराला सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात. तोंडाची आतली त्वचा हळूहळू घट्ट होत जाते, तिखट सोसत नाही, घास घेता येत नाही आणि काही जणांमध्ये पुढे त्याचा कर्करोग होतो. १९५२ मध्ये पूर्व आफ्रिकेत राहणाऱ्या पाच भारतीय बायकांच्या तोंडात हा प्रकार दिसल्याची नोंद झाली. पुढच्याच वर्षी मुंबईतल्या जोशी नावाच्या डॉक्टरांनी त्याला आजचं नाव दिलं. पण दोष कुणाचा, हे ठरायला फार वेळ लागला. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८५ मध्ये तंबाखू घातलेला विडा कर्करोगकारक ठरवला, बिनतंबाखूच्या विड्याबद्दल मात्र पुरेसा पुरावा नाही असं म्हटलं. नुसती सुपारीही कर्करोग करते, हा निष्कर्ष छापून यायला २००४ साल उजाडलं. आत्याची चंची तोवर तीसेक वर्षांची झाली होती.

त्या रात्री मी मोबाइलवर एकच गोष्ट शोधत बसले होते: तंबाखूशिवाय सुपारी खाणारी माणसं जगात आणखी कुठे आहेत? पानांमागून पानं उलटत मी ग्वाम नावाच्या बेटावर जाऊन पोचले. तिथल्या संशोधकांनी विडा खाणाऱ्यांचे ढोबळ दोन गट पाडले होते. एका गटात शेजारच्या बेटांवरून आलेले लोक. ते कोवळी हिरवी सुपारी, चुना आणि तंबाखू घेतात आणि थुंकतात. दुसऱ्या गटात मुख्यतः तिथले मूळ रहिवासी, चामोरो. ते पिकलेली कडक सुपारी, बहुधा नुसती किंवा पानाबरोबर चघळतात आणि गिळून टाकतात. हुबेहूब माझी आत्या.

पुढे वाचत गेले तसे चामोरो बायकांच्या कर्करोगावरचे कितीतरी अभ्यास सापडले. त्यांची शीर्षकं एकमेकांसारखी: ज्ञान, दृष्टिकोन, वर्तन. स्तनांची तपासणी केली का? धूम्रपान? आहार? कंबरेचा घेर? वाचताना मला सारखा तो केसपेपर आठवत होता. कारण त्या बेटाचा इतिहास बाजूला ठेवून वाचू लागलं, तर त्या रकान्यातली प्रत्येक खूण चौकोनीच दिसते. आणि इतिहासासकट वाचलं, तर जवळजवळ प्रत्येक खुणेशेजारी एक सनावळी उभी राहते.

जवळजवळ म्हणते, कारण सुपारीशेजारी सनावळी नाही. ती गोष्ट पुढे येईलच.

*

ग्वाम पश्चिम पॅसिफिकमध्ये आहे, फिलिपिन्सच्या पूर्वेला, मारियाना बेटांच्या दक्षिण टोकाला. क्षेत्रफळ साधारण ५४० चौरस किलोमीटर, म्हणजे मुंबईचे दोन्ही जिल्हे मिळून जेवढे होतात त्याहून थोडं लहान. २०२० च्या जनगणनेत तिथे दीड लाखाच्या आसपास माणसं होती आणि त्यातले फक्त एक तृतीयांश चामोरो. बेट अमेरिकेचं आहे, लोक अमेरिकी नागरिक आहेत, पण राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत त्यांना मत नाही.

चामोरो समाज आईच्या वंशाने चालायचा. कुळाची थोरली मुलगी म्हणजे ‘मागाहागा’, आणि जमीन, नाती, लग्नं यांत तिचा शब्द चाले. सतराव्या शतकात आलेल्या जेझुइट पाद्र्यांनी जरा धक्का बसल्यासारखं लिहून ठेवलंय की इथे घरात सत्ता बायकोची आहे. नवऱ्याने बाहेर संबंध ठेवले तर गावातल्या बायका एकत्र येऊन त्याच्या शेतावर चालून जात आणि पिकाची नासधूस करत. (हे वाचून मी आत्याला सांगितलं. तिला तोंड उघडून हसता येत नव्हतं, तरी ती हसली.)

स्पेनने १५६५ मध्ये बेटांवर हक्क सांगितला, पण माणसं खऱ्या अर्थाने आली ती १६६८ मध्ये, सान व्हितोरेस या जेझुइटाबरोबर. त्यानंतरची तीसेक वर्षं लढाया, रोगराई आणि सक्तीची गावबदली यांत गेली. १७१० च्या जनगणनेत मारियाना बेटांवर चार हजारांहून कमी चामोरो उरले होते. १८५६ मध्ये एका जहाजातून देवी आल्या आणि ग्वामची निम्म्याहून अधिक माणसं गेली. मेलेल्या पुरुषांच्या जागी स्पॅनिश आणि फिलिपिनो शिपाई आले, त्यांनी इथल्या बायकांशी लग्नं केली, पण घरात मुलांशी बोलली गेली ती आईची भाषा. आज चामोरोत स्पॅनिश शब्दांची रेलचेल आहे, तरी भाषा चामोरोच राहिली. प्रार्थनेचंही तसंच. नऊ दिवसांची नोव्हेना गावातली एखादी वयस्क बाई सांगते, तिला ‘तेचा’ म्हणतात. धर्म बाहेरून आला, पण तो तोंडपाठ ठेवायचं काम बायकांनी स्वतःकडे घेतलं.

तंबाखूही याच काळात आली. एकोणिसाव्या शतकात बेटावर उतरलेल्या युरोपीय प्रवाशांनी चिरूट ओढणाऱ्या बायकांचं कौतुकमिश्रित वर्णन केलंय. आज ग्वामचं धूम्रपानाचं प्रमाण अमेरिकेच्या ताब्यातल्या सगळ्या प्रदेशांमध्ये वरच्या क्रमांकांत असतं, याचं पहिलं पान तिथे आहे.

*

मला सगळ्यात जास्त अडकवून ठेवलं ते अमेरिकी नौदलाच्या काळाने.

जून १८९८ मध्ये अमेरिकी युद्धनौका ग्वामच्या बंदरात शिरली आणि तिने तोफा डागल्या. स्पॅनिश अधिकाऱ्यांना वाटलं सलामी दिली जातेय. उलट सलामीला आमच्याकडे दारूगोळा नाही म्हणून माफी मागायला ते होडीत बसून गेले, आणि तिथे त्यांना कळलं की दोन देशांत युद्ध सुरू झालंय. बेट असं हस्तांतरित झालं. त्यानंतर १९४१ पर्यंत ग्वामचा गव्हर्नर म्हणजे नौदलाचा एक कप्तान असायचा. कायदे करणारा तोच, अपील ऐकणारा तोच. एका गव्हर्नरने १९१७ मध्ये कामकाजात आणि शाळेत चामोरो बोलायला मनाई केली. दोन वर्षांनी दुसऱ्याने राजधानीत शिट्टी वाजवण्यावर दंड लावला. हा विनोद नाही.

आणि या सगळ्यांना एक गोष्ट अगदी मनापासून करायची होती: बेट स्वच्छ करायचं होतं. इतिहासकार ॲन पेरेझ हातोरी या स्वतः चामोरो. त्यांनी २००४ च्या ‘कलोनियल डिस-ईझ’ या पुस्तकात नौदलाच्या आरोग्य धोरणाचा इतिहास मांडलाय. त्यातली कुष्ठरोग्यांची हकिकत वाचून मी मोबाइल खाली ठेवला होता. नौदलाने रुग्णांना शोधून तुमोन किनाऱ्यावरच्या वस्तीत कोंडलं. १९१२ मध्ये त्यांना जहाजात बसवून फिलिपिन्समधल्या कुलियोन बेटावर पाठवून दिलं. घरच्यांपासून हजारो किलोमीटर दूर, परतीचं तिकीट नाही. आज तुमोन म्हणजे जपानी आणि कोरियन पर्यटकांसाठीची आलिशान हॉटेलांची रांग आहे.

त्या काळातल्या एखाद्या चामोरो बाईच्या जागी उभं राहून बघा. अंगावर चट्टा उठला आणि डॉक्टरला दाखवला, तर काय होतं हे तिने पाहिलंय. मग ती दाखवेल का?

१९०५ मध्ये हगातन्यात, म्हणजे राजधानीत, बायका आणि मुलांसाठी सुझाना हॉस्पिटल निघालं. तेव्हाच्या गव्हर्नरच्या पत्नी सुझन डायर यांच्यावरून ते नाव. हेतू चांगलाच होता, ते मी नाकारत नाही. पण आत तपासणारा पुरुष, तोही परका, तोही गणवेशातला, आणि बोलणार इंग्रजी. चामोरोत ‘ममाहलाओ’ नावाचा एक शब्द आहे. लाज, भीड, मर्यादा, चारचौघांत आपल्यामुळे कुणाला अवघडल्यासारखं होऊ नये याची काळजी, हे सगळं त्यात येतं. ज्याला ममाहलाओ नाही तो माणूस वळण नसलेला. अशा बाईला परक्या पुरुषापुढे कपडे काढायला सांगणं म्हणजे तिचं वळणच सोडायला सांगणं.

तिच्याकडे दुसरी माणसं होतीही. अंगदुखीपासून वंध्यत्वापर्यंत झाडपाला आणि मालिश करणारी ‘सुरुहाना’. आणि बाळंतपणाला ‘पात्तेरा’, म्हणजे सुईण. पात्तेरा घरी यायची, पोट चोळून द्यायची, बाळंतपणानंतरही दिवसेंदिवस येत राहायची, घरातलं काम उरकायची. मोबदला म्हणून अंडी, कोंबडी, वांगी, जे असेल ते. नौदलाला या बायका घाण आणि अडाणी वाटत. पण त्यांच्याशिवाय चालणारही नव्हतं, कारण सगळ्या बाळंतपणांना पुरतील एवढे डॉक्टर कुठे होते? मग त्यांना हॉस्पिटलात शिकवलं, परवाने दिले, पेटीत काय असायला हवं ते ठरवलं, प्रत्येक जन्माची वर्दी द्यायला लावली.

क्रिस्टीन तायतानो डीलाइल यांनी २०२१ मधल्या ‘प्लासेंटल पॉलिटिक्स’ या पुस्तकात याच बायकांचा माग काढलाय आणि त्यातली एक बाब मला फार आवडते. परवानाधारक, पांढऱ्या गणवेशातली पात्तेरा नौदलाचे सगळे नियम पाळायची, नाळ उकळलेल्या कात्रीने कापायची, आणि मग वार जुन्या रीतीने घराजवळ जमिनीत पुरायची, मूल मोठं झाल्यावर भटकू नये, या मातीशी बांधलेलं राहावं म्हणून. आपल्याकडच्या सुइणीही वार पुरत. नौदलाच्या नोंदवहीत या पुरण्यासाठी रकाना नव्हता. त्या बायका दोन्ही करत होत्या: निर्जंतुक कात्री आणि माती. नवं शास्त्र त्यांनी नाकारलं नाही, फक्त ते ज्या हातांतून बाईपर्यंत पोचायचं ते हात ओळखीचे ठेवले.

१९६० च्या दशकापर्यंत बाळंतपणं हॉस्पिटलात गेली आणि पात्तेरांचे परवाने संपले. माझ्या मते तिथे एक दुवा तुटला, आणि तो कुठल्याही सर्वेक्षणात दिसत नाही. गर्भाशयमुखाची किंवा स्तनांची तपासणी करून घ्या, हे बाईला सांगू शकेल असं एक माणूस त्या घरात ये-जा करत होतं. तिला काढून टाकल्यावर चाळीस वर्षांनी अभ्यास आले आणि विचारू लागले की या बायका तपासणीला का येत नाहीत.

*

८ डिसेंबर १९४१ ला जपानने ग्वामवर बॉम्ब टाकले आणि दोन दिवसांत बेट घेतलं. अडीच वर्षं जपानी अंमल होता. शेवटी शेवटी हजारो चामोरोंना मानेंगोनच्या छावणीत चालवत नेलं गेलं. २१ जुलै १९४४ ला अमेरिकी सैन्य किनाऱ्यावर उतरलं. तो दिवस आजही दर वर्षी मिरवणूक काढून साजरा होतो.

उपाशी माणसांना सैनिकांनी काय दिलं? डबाबंद मांस, चॉकलेट, सिगारेटी. स्वातंत्र्याची चव स्पॅमची होती. स्पॅम म्हणजे मिठात मुरलेलं डुकराचं डबाबंद मांस, आणि ते दरडोई सगळ्यात जास्त खाल्लं जाणाऱ्या जगातल्या ठिकाणांत आज ग्वामचं नाव येतं. अमेरिकेत या गोष्टीची थट्टा होते. मला त्यात थट्टेसारखं काही दिसत नाही. सुटका करणाऱ्याच्या हातून मिळालेला घास माणूस सहजी विसरत नाही.

पण नुसत्या आठवणीने ताट बदलत नाही, जमीन जावी लागते. आधीचं ताट म्हणजे सुरण-अळूसारखे कंद, नीरफणस, नारळ, मासे, आणि स्पॅनिशांनी आणलेला मका. युद्धानंतर नौदलाने आणि हवाई दलाने तळांसाठी शेतीची चांगली जमीन घेतली. बंदराजवळचं सुमाय हे गाव अख्खं गेलं. तिथल्या लोकांना वरच्या डोंगरात, सांता रितात वसवलं. आजही बेटाची पाव भागाहून अधिक जमीन लष्कराकडे आहे. ज्या बाईचं परसू गेलं, तिच्या स्वयंपाकघरात डबे आले. खाल्लं जाणारं बहुतेक अन्न आता जहाजाने येतं.

ग्वाम आणि शेजारच्या सायपानमध्ये स्तनांच्या कर्करोगावर एक तुलनात्मक अभ्यास झाला. रेचल लिऑन गेरेरो या ग्वाम विद्यापीठातल्या चामोरो आहारतज्ज्ञ त्यात पुढे होत्या. त्यात कंबरेचा घेर हा जोखमीचा एक ठळक घटक निघाला. आकडा अर्थातच बाईच्या कंबरेचा. पण टेप कुठून कुठपर्यंत जाते ते पाहायला हवं. माझ्या डोळ्यांसमोर ती सुमायच्या कुंपणापासून सुरू होते.

अर्थात ताटात दुसरंही काही असतं. चामोरोंची जत्रा, बारसं, मयत, काहीही असो, जेवण मोठं. शेंद्रीच्या बियांनी रंगवलेला लाल भात, निखाऱ्यावरचं मांस, आणि ‘चेंचुले’. चेंचुले म्हणजे आपला आहेर. कुणी किती दिलं ते घरातली बाई लक्षात ठेवते किंवा वहीत लिहिते आणि वेळ येईल तेव्हा परत फेडते. नोव्हेनाच्या प्रत्येक संध्याकाळी जमलेल्यांना जेवू घालायचं. ‘कमी तेलकट खा’ असं पत्रक छापणाऱ्याने हे लक्षात घेतलेलं नसतं की ती एकटीसाठी रांधत नाही. साधं वरण-भात ठेवलं तर मयताचा अपमान होईल, ही भीती मराठी घरातल्या बाईला समजावून सांगावी लागणार नाही.

*

याच काळात पूर्वेकडून आणखी एक गोष्ट येत होती. तिला सवय म्हणता येणार नाही.

१९४६ ते १९५८ या काळात अमेरिकेने मार्शल बेटांवर ६७ अणुस्फोट केले. १ नोव्हेंबर १९५२ ला एनिवेटोकवर पहिला हायड्रोजन बॉम्ब फोडला गेला. एनिवेटोकपासून ग्वाम पश्चिमेला सुमारे दोन हजार किलोमीटर. स्फोटाची धूळ वाऱ्याबरोबर कुठवर जाते, हे बेटावरच्या लोकांना कुणी सांगितलं नाही. २००५ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने निष्कर्ष काढला की ग्वामवर मोजता येईल इतकी किरणोत्सारी धूळ पडली होती आणि तिथल्या रहिवाशांना भरपाईच्या कायद्यात घ्यावं. कायदा १९९० चा. २०२५ मध्ये त्याचा विस्तार झाला, अमेरिकेतली आणखी राज्यं त्यात आली. ग्वाम राहिलं.

एकेका बाईच्या गाठीवर बोट ठेवून ‘ही त्या धुळीची’ असं म्हणता येत नाही. कर्करोग पत्ता ठेवून येत नाही. त्यामुळे होतं काय, तर सर्वेक्षणात उरतं ते फक्त तिच्या हातातलं: सिगारेट, ताट, न केलेली तपासणी. वाऱ्याला प्रश्नावली देता येत नाही.

दरम्यान ग्वामवर संशोधक कमी नव्हते. उलट, वैद्यकशास्त्राच्या जगात हे बेट प्रसिद्ध होतं, ते एका मेंदूच्या आजारासाठी. ‘लिटिको-बोडिग’ नावाचा हा आजार चामोरोंमध्ये विलक्षण प्रमाणात होता, उमाताक गावात विशेष. कुणाचे हातपाय गळून जात, कुणी कंप सुटून थिजत जाई. १९५० च्या दशकापासून जगभरचे तज्ज्ञ तिथे जात राहिले. सायकॅडच्या बियांच्या पिठावर संशय होता. ते पीठ बायकाच दिवसेंदिवस पाणी बदलून धुऊन विषारी अंश काढून बनवत. ऑलिव्हर सॅक्स यांनी त्यावर लिहिलं. आजार दुर्मीळ आणि कोडं मोठं, म्हणून सगळं जग तिकडे गेलं. कर्करोगात कोडं नव्हतं. तो सगळीकडेच असतो.

शिवाय मोजायचं कसं, हाही प्रश्न होता. १९३७ पासून नौदलाने चामोरो पुरुषांना भरती केलं, ते फक्त जेवणघरातले वाढपी म्हणून. युद्धानंतर त्यांच्यामागोमाग कुटुंबं सॅन दिएगो आणि लाँग बीचला गेली. आज अमेरिकेच्या मुख्य भूमीवर ग्वामहून जास्त चामोरो राहतात. तिथल्या सरकारी आकडेवारीत १९९७ पर्यंत आशियाई आणि पॅसिफिक बेटांचे लोक एकाच रकान्यात टाकलेले असत. जपानी, चिनी, भारतीय यांच्या मोठ्या आकड्यांत चामोरो बाई विरघळून जायची. त्या रकान्याचं सरासरी आरोग्य छान दिसायचं, म्हणून तिचंही छान. वेगळे आकडे काढायला सुरुवात झाली तेव्हा लक्षात आलं की तोंड-घसा आणि नाकामागच्या पोकळीच्या कर्करोगाने होणारे चामोरोंचे मृत्यू अमेरिकेच्या सरासरीहून बरेच जास्त आहेत.

लाँग बीचच्या चामोरो बायकांनी या आकड्यांची वाट पाहिली नाही. तिथल्या ‘ग्वाम कम्युनिकेशन्स नेटवर्क’ या संस्थेतल्या बायका विद्यापीठातल्या संशोधकांबरोबर बसल्या आणि दक्षिण कॅलिफोर्नियातल्या चामोरो बायकांच्या स्तन-तपासणीचा अभ्यास २००१ मध्ये छापून आला. मला त्यात पात्तेरा दिसते, पेटी न घेतलेली.

आणि ग्वामवर? निदान झालं तरी उपचारासाठी अनेकींना मनिला किंवा होनोलुलूचं विमान पकडावं लागतं. होनोलुलू सात-आठ तासांवर आहे. गरिबांच्या आरोग्यविम्यासाठी वॉशिंग्टनहून येणाऱ्या पैशाला राज्यांना नसलेली वरची मर्यादा आहे, कारण ग्वाम राज्य नाही. ‘उशिरा आली’ असं केसपेपरवर लिहिलं जातं तेव्हा हा प्रवास त्यात धरलेला नसतो.

*

इथवर सगळं एका दिशेने चाललं होतं आणि मला ते सोयीचं वाटत होतं. स्पेनने तंबाखू आणली, नौदलाने भीती आणली, लष्कराने डबे आणले. बायका बिचाऱ्या. पण सुपारी?

सुपारी कुणी आणली नाही. मॅगेलनच्या कितीतरी शतकं आधीच्या, लाट्टे नावाच्या दगडी खांबांवर घरं बांधणाऱ्या चामोरोंच्या सांगाड्यांचे दात सुपारीने रंगलेले आहेत. ‘पुग्वा’ म्हणजे सुपारी, ‘पुपुलू’ म्हणजे पान, ‘आफोक’ म्हणजे चुना. इतक्या आक्रमणांतून हे शब्द टिकले, सुपारी पुढे करण्याची रीत टिकली. भाषा टिकवणाऱ्या, वार पुरणाऱ्या त्याच आज्यांच्या टोपलीत पुग्वा असते. ही साम्राज्याने लादलेली वस्तू नाही, ती त्यांची स्वतःची आहे. आणि ती कर्करोग करते.

याला काय म्हणायचं ते मला बराच काळ सुचलं नाही. ‘परंपरा आहे, राहू द्या’ म्हणणं म्हणजे आत्याच्या गालात हात घालून न पाहिल्यासारखं. आणि बाहेरून येऊन ‘सोडा’ म्हणणाऱ्याचा आवाज त्या बेटावर कसा ऐकू येत असेल, हे नौदलाचा काळ वाचल्यावर वेगळं सांगायला नको. ज्यांनी भाषा सोडायला सांगितली, शिट्टी सोडायला सांगितली, त्यांच्याच यादीतली ही आणखी एक ओळ वाटणार.

म्हणून कोण सांगतंय याला महत्त्व आहे असं मला वाटतं. पुग्वाचे ते दोन गट पाडणारा अभ्यास यव्हेट पॉलिनो यांचा. त्या ग्वाम विद्यापीठात शिकवतात आणि स्वतः चामोरो आहेत. हवाई विद्यापीठाच्या कर्करोग केंद्राबरोबर त्यांनी ग्वाम आणि सायपानमध्ये सुपारी सोडवण्याची एक रीतसर चाचणी केली, धूम्रपान सोडवण्याच्या कार्यक्रमांच्या धर्तीवर, समोरासमोर बैठका घेऊन. सुपारीसाठी अशी चाचणी जगात जवळजवळ कुणी केलीच नव्हती. आपल्याकडेही नाही, जिथे महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे आणि सुपारी मात्र पूजेच्या ताटातून थेट तोंडात जाते. एवढ्या छोट्या बेटाने हे आधी केलं याचं मला नवल वाटलं, आणि थोडी लाजही.

आत्याला मी हे सगळं हळूहळू सांगितलं, तिच्यासाठी मऊ भात कालवताना, दिवसाला थोडं थोडं. कुलियोनची गोष्ट ऐकून ती गप्प झाली. पात्तेराची गोष्ट तिने दोनदा सांगायला लावली. तिची सासू सुईण होती, हे मला तेव्हाच कळलं. चाचणीचं ऐकल्यावर तिने विचारलं, “तिकडच्या बायकांनी सोडली का मग?”

“बैठकांना बसलेल्यांपैकी काहींनी सोडली.”

“सगळ्या मिळून बसतात?”

“हो.”

तिने चंची उघडली. दोन महिन्यांपासून तिच्यात बडीशेप होती, पण अडकित्ता अजून तिथेच होता. तो तिने बाहेर काढला, पदराने पुसला आणि परत आत ठेवला.

“पुढच्या वेळी त्या डॉक्टरला सांग,” ती म्हणाली, “रकान्यात सुपारी छापून घे म्हणावं.”